चेहरा अवघड

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. दोन महिन्यांपूर्वी एका वाचकाला तुम्ही लिहिलंत, ‘स्वतःचं दुकान टाकायचं मनात आहे ना, मग मुहूर्त बघत बसू नका.’ गेल्या अंकात दुसऱ्या एकाचा जवळजवळ तोच प्रश्न होता. त्याला सांगितलंत, ‘घरातल्या मोठ्यांशी बोला, वर्षभर थांबा.’ दोन्ही उत्तरांत दाखला कन्फ्यूशियसचाच. यातलं खरं कोणतं धरायचं? – एक वाचक, कराड

उत्तर : पकडलंत. पण मला पकडणारे तुम्ही पहिले असलात, तरी हा आक्षेप घेणारे पहिले नाही. तो अडीच हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये खुद्द कन्फ्यूशियस गुरुजींच्या तोंडावरच घेतला गेला होता.

त्सलू नावाच्या शिष्यानं विचारलं, ‘चांगली गोष्ट कानावर आली की लगेच करायला घ्यावी का?’ गुरुजी म्हणाले, ‘वडील आहेत, मोठा भाऊ आहे, त्यांना न विचारता लगेच कशी करशील?’ मग रान यौ नावाचा दुसरा शिष्य आला. प्रश्न तोच. त्याला उत्तर मिळालं, ‘हो, ऐकलंस की लगेच कर.’ कुंगशी ह्वा नावाचा तिसरा तिथंच होता, तो चक्रावला. म्हणाला, ‘मला काही कळेना, विचारू का?’ गुरुजी म्हणाले, ‘रान यौ मागे मागे राहतो, म्हणून त्याला पुढे ढकललं. त्सलूत दोन माणसांचा जोर आहे, म्हणून त्याला मागे ओढलं.’

कन्फ्यूशियसच्या नावावर जे पुस्तक आहे, लुन-यू, ते वीस छोट्या प्रकरणांचं आहे आणि त्यातला बराच भाग असल्याच प्रश्नोत्तरांचा. शिष्यांनी आणि शिष्यांच्या शिष्यांनी मागाहून जमवलेला. म्हणजे वाचकांचं सदरच म्हणा ना. फरक इतकाच की तिथं विचारणारा माणूस समोर उभा असायचा. मला त्याच्या अक्षरावरून ओळखावं लागतं. दुकानवाल्या पहिल्या गृहस्थांनी चार पानं लिहिली होती. सात वर्षं आकडेमोड चाललेली, पाटी रंगवायचा खर्चसुद्धा काढून ठेवलेला. दुसऱ्यानं मोबाइलवरून तीन ओळी पाठवल्या होत्या, आणि कल्पना त्याच सकाळी सुचली होती असं स्वतःच कबूल केलं होतं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. आता सांगा, दोघांना एकच औषध कसं देऊ?

प्रश्न : माझे सासरे 84 वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून अंथरुणावर. आंघोळ, जेवण, गोळ्या सगळं मी वेळेवर करते, कशात काही कमी नाही. पण चिडचिड होते. तोंडानं मी काही बोलत नाही, तरी ते रुसून बसतात, जेवण ढकलतात. मिस्टर म्हणतात, ‘तू एवढं करतेस, मग बाबा खूश का नाहीत?’ मोठे दीर पुण्याला असतात, ते महिन्याला पैसे पाठवतात. चिनी लोक आईवडिलांच्या सेवेला फार मानतात असं तुम्ही लिहिता. मनाचं काय करायचं ते कुठं लिहिलंय का? – एक सून, मिरज

उत्तर : लिहिलंय. दोन अक्षरांत लिहिलंय, आणि ती दोन अक्षरं वाचून मी एकदा चांगलीच ओशाळले होते.

लुन-यूच्या दुसऱ्या प्रकरणात चार जण ओळीनं एकच प्रश्न विचारतात, आईबापांशी नीट वागणं म्हणजे काय. चौघांना चार उत्तरं मिळतात (कराडच्या वाचकांनी इकडं लक्ष द्यावं). त्यातला चौथा त्सश्या. त्याला गुरुजी म्हणतात, ‘स नान.’ स म्हणजे चेहऱ्यावरचा भाव. नान म्हणजे अवघड. चेहरा अवघड. पुढं म्हणतात, काम निघालं की तरुणांनी कष्ट उपसायचे, खायला-प्यायला असलं की आधी मोठ्यांपुढं ठेवायचं, एवढ्यालाच तू सेवा समजतोस का?

जुन्या भाष्यकारांत यावर दोन तट आहेत. एक म्हणतो, आपला चेहरा प्रसन्न ठेवणं अवघड. दुसरा म्हणतो, म्हाताऱ्यांचा चेहरा वाचून त्याप्रमाणे वागणं अवघड. मला वाटतं, सेवा करणाऱ्याला दोन्ही ठाऊक असतं. तुमचे सासरे बोटं हलवू शकत नसतील, पण चेहरे वाचायला त्यांना दिवसभर वेळ आहे.

माझं सांगते. चीनहून परत आले तेव्हा आई 82 वर्षांची होती, इचलकरंजीतल्या जुन्या घरात. तिला एकच घोर, नळाला पाणी आलं का. आमच्याकडे पाणी रोज येत नाही, त्यामुळे घोर खोटा नव्हता. पण ती सकाळपासून दहा-बारा वेळा विचारायची, आणि मी दरवेळी सांगायची, ‘नाही गं आई, आलं की सांगते.’ आवाज अगदी गोड. एकदा अशीच म्हणाले तर ती म्हणाली, ‘राहू दे. तोंडानं सांगायच्या आधी तुझ्या कपाळानं सांगितलं.’

त्या रात्री मला माझी कछियाओची घरमालकीण आठवली. कछियाओ हा शाओशिंग शहराचा भाग. कापडाचा मोठा बाजार तिथं भरतो, आणि तिथं मी अकरा वर्षं आपल्याकडच्या व्यापाऱ्यांची दुभाषी होते. चिनीत मावशीच्या वयाच्या बाईला ‘आयी’ म्हणतात. मला पहिले सहा महिने ते म्हणताना कसंसंच व्हायचं, मग बरं वाटायला लागलं. आयीचे वडील 91 वर्षांचे, तळमजल्यावरच्या खोलीत. आयी बाजारात अस्तराच्या कापडाचा गाळा चालवायची, म्हणजे दिवसभर भांडण. संध्याकाळी घरी आली की थेट वडिलांच्या खोलीत कधी जायची नाही. आधी मोरीवर जाऊन तोंड धुवायची. ॲप्रनला हात पुसायची. मग दाराशी थांबून मुद्दाम खाकरायची, म्हणजे म्हातारबाबांना कळावं कोणी येतंय. आणि मग आत. हे सगळं मिळून एक मिनिटाचं काम. मी विचारलं तर म्हणाली, ‘गाळ्यावरचा चेहरा त्यांनी का बघायचा?’ लुन-यूबद्दल तिनं मला कधी चकार शब्द सांगितला नाही. बहुतेक शाळेनंतर उघडलंही नसावं.

चिनी भाषेत अशा गोष्टीला ‘ली’ म्हणतात. कोशात ‘विधी’, ‘शिष्टाचार’ असे अर्थ दिलेले असतात, आणि ते वाचून आपल्याला लग्नातले भटजी आठवतात. पण दारात खाकरणं हीसुद्धा ली. मन आधी शुद्ध करा, मग कृती आपोआप चांगली होईल, असला उपदेश कन्फ्यूशियस करत नाही. तो आधी हात धुवायला लावतो, सतरंजी सरळ करायला लावतो. स्वतः तर सतरंजी वाकडी असेल तर तिच्यावर बसायचाही नाही. मनाची वाट बघत बसलो तर बाबांचं जेवण गार होईल.

तेव्हा खोलीत शिरण्याआधी तुमचं एक मिनिट ठरवून टाका. पाणी, पदर, खाकरणं, काय जमेल ते. दिवसातून दोनदा, जेवणाच्या वेळी, एवढंच. दहा वेळा करायला गेलात तर चार दिवसांत सुटेल.

पण हे उत्तर फक्त तुमच्यासाठी. पुण्याच्या दिरांसाठी त्याच प्रकरणात वेगळं आहे, त्सयौ या शिष्याला दिलेलं : हल्ली आईबापांना पोसलं की झाली सेवा असं लोक समजतात, पण कुत्र्याघोड्यांनाही आपण पोसतोच, आदर नसेल तर दोन्हींत फरक काय? हे कापून त्यांना पाठवायला माझी हरकत नाही. आणि मिस्टरांना सांगा की थकलेला चेहरा नुसत्या निश्चयानं हसत नाही. पंधरा दिवसांतून एकदा दोन दिवस बाबांचं सगळं त्यांनी करायचं, आंघोळीसकट, आणि तुम्ही बहिणीकडे जायचं. दोनच दिवसांत ‘बाबा खूश का नाहीत’ याचं उत्तर त्यांना मिळेल.

प्रश्न : दुकानाच्या गल्ल्यावर लाफिंग बुद्धा आणि काचेच्या ताटलीत पाण्यावर धातूचं कासव ठेवलंय, मेव्हण्यानं दिलं. कासवाचं तोंड कुठल्या दिशेला असावं? चिनी तत्त्वज्ञान याबद्दल काय म्हणतं? – एक दुकानदार, बेळगाव

उत्तर : आधी बुद्धाचं. तो बुद्ध नव्हेच. तो बुदाई, दहाव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेला पोटसुट्या साधू, पाठीवर झोळी टाकून भटकणारा. फंगह्वा हे त्याचं गाव शाओशिंगहून फार लांब नाही. माणूस मजेशीर होता, राहू द्या गल्ल्यावर.

कासवाबद्दल मात्र कन्फ्यूशियसनं खरंच बोलून ठेवलंय. लू राज्यातल्या एका बड्या अधिकाऱ्यानं, त्सांग वनचुंगनं, शकुन बघायचं मोठं कासव पाळलं होतं आणि त्याच्यासाठी नक्षीच्या खांबांचं घर बांधलं होतं. लोक त्या अधिकाऱ्याला फार शहाणा समजत. गुरुजींनी एवढंच विचारलं, ‘हा कसला शहाणपणा?’ दिशेबद्दल बोलले नाहीत.

प्रश्न : ताई, मी हिंजवडीत टीम लीड आहे. ऑफिसच्या भिंतीवर ‘वू वेई’चं पोस्टर आहे, नदीचं चित्र, खाली ‘प्रवाहाबरोबर जा’. प्रत्यक्षात रात्री साडेअकरापर्यंत मेसेजेसना उत्तरं देतो, पोरांचा कोड पुन्हा स्वतः लिहितो. लॅपटॉप उशाशी. मी काहीच केलं नाही तर आठवड्यात नोकरी जाईल. मग हे वू वेई कोणासाठी आहे, संन्याशांसाठी? – एक वाचक, पुणे

उत्तर : ते पोस्टर लावणाऱ्याला आधी विचारा, प्रवाह कुठल्या गटाराला मिळतो.

वू वेई म्हणजे शब्दशः न-करणं, पण ‘हातावर हात ठेवून बसणं’ असा अर्थ घेतला की सगळंच फसतं. मला ते कळलं च्वांगत्सु या जुन्या चिनी विचारवंताच्या एका गोष्टीतून, आणि गंमत म्हणजे त्या गोष्टीत हा शब्द नाही. डिंग नावाचा आचारी राजापुढं बैल सोलतोय. सुरी अशी चालते की जणू नाच चाललाय. राजा वाहवा करतो. डिंग सांगतो, ‘सुरुवातीला मला समोर अख्खा बैल दिसायचा. तीन वर्षांनी अख्खा बैल दिसेनासा झाला. बरा आचारी वर्षाला सुरी बदलतो, कारण तो कापतो. सामान्य आचारी महिन्याला बदलतो, कारण तो हाडावर घालतो. माझी ही सुरी 19 वर्षांची, हजारो बैल झाले, पण धार आत्ताच सहाणेवरून उतरल्यासारखी आहे. सांध्यांमध्ये फट असते आणि सुरीच्या धारेला जाडी नसते. मग जागाच जागा.’

लोक गोष्ट इथंच थांबवतात. माझ्या मते खरा माल पुढं आहे. डिंग म्हणतो, ‘तरीही गुंत्याची जागा आली की मी दचकून सावध होतो. नजर तिथंच रोवतो. हात मंद करतो. सुरी अगदी जराशी हलवतो, आणि मग मातीचं ढेकूळ पडावं तसं सगळं सुटून पडतं.’

हे वाचताना मला वडील दिसतात. ते वहिफणीचं काम करायचे. नवीन बीम, म्हणजे ताण्याच्या तारा गुंडाळलेला रूळ, मागाला लागण्याआधी त्यावरची एकेक तार वहीच्या (तारा वर-खाली करणाऱ्या चौकटीच्या) डोळ्यातून ओढून मग फणीच्या घरातून घ्यायची. एका बीमवर चार-चार हजार तारा. पलीकडे एक पोरगा बसून तार पुढं करणार, अलीकडून वडील हुकानं ओढणार. हात इतका सरळ चालायचा की ते त्या वेळी गुणगुणायचे. पण कुठं दोन तारा एकमेकींवर चढलेल्या असल्या की गुणगुणणं बंद. पोराला वाटायचं, आता जोर लावायचा. वडील त्याचा हात धरून ठेवायचे. मग नखानं एक तार केसाएवढी सरकवायचे, दुसरी सैल पडायची, आणि पुन्हा गाणं सुरू. ज्याला घाई असायची तो तार तोडायचा आणि गाठ मारत बसायचा, आणि ती गाठ पुढं मागावर अडकायची.

तुम्ही पोरांचा कोड पुन्हा लिहिता म्हणजे रोज हाडावर सुरी घालताय. ज्या दोन-तीन जागी तो हमखास बिघडतो, त्या शोधा. तिथं आठवड्यातला एक तास पोरांच्या शेजारी बसा, हळू. बाकीचं त्यांना करू द्या, वाकडं का होईना.

आणि गोष्टीचा शेवट पाहा. बैल सुटून पडल्यावर डिंग सुरी हातात धरून उभा राहतो, चारी बाजूंना बघतो, जरा खूश होतो, आणि मग सुरी पुसून ठेवून देतो. उशाशी घेऊन झोपत नाही.

आता समजा, सांधे शोधूनही सापडले नाहीत, कामाची जागाच नुसतं हाड असेल, तर? कासवाचा विषय निघालाच आहे. छू राज्याच्या राजानं च्वांगत्सुला मोठ्या पदावर बोलवायला दोन अधिकारी पाठवले. हा नदीकाठी मासे धरत बसलेला. मागं वळूनही न बघता म्हणाला, ‘तुमच्या राजाकडे म्हणे तीन हजार वर्षांपूर्वी मेलेलं पवित्र कासव आहे, वस्त्रात गुंडाळून पेटीत ठेवलेलं. त्या कासवाला काय आवडलं असतं? मरून पूजा करून घेणं, की जिवंत राहून चिखलात शेपूट ओढत फिरणं?’ अधिकारी म्हणाले, ‘चिखलात फिरणं.’ ‘मग जा. मलाही चिखलात फिरू द्या.’ अर्थात च्वांगत्सुला घराचे हप्ते नव्हते. तुमचे किती उरलेत ते मोजा आणि मगच चिखलात उतरा.

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापिका आहे. तुमचं सदर आवडीनं वाचते, पण एक खटकतं. या कन्फ्यूशियसच्या नावावर चीनमधल्या बायका शतकानुशतकं भरडल्या गेल्या. आपल्याकडे काय तेच कमी होतं, म्हणून बाहेरून आणायचं? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : बाई, आक्षेप मान्य. लुन-यूच्या सतराव्या प्रकरणात ‘बायका आणि हलकी माणसं यांना सांभाळणं अवघड’ असं वाक्य आहे. ते सौम्य करून सांगायला अनेक पंडितांनी घाम गाळलाय. मला ते जसंच्या तसं वाईट वाटतं, आणि तसंच राहू द्यावं.

तुमचा आक्षेप सगळ्यात जोरात ज्यानं मांडला तो लेखक, लू शुन, शाओशिंगचाच. 1918 साली त्याची ‘वेड्याची रोजनिशी’ छापून आली. त्यातला वेडा इतिहासाचं पुस्तक चाळतो. पानापानावर ‘दया, नीती’ लिहिलेलं असतं, आणि ओळींच्या मधे त्याला दिसतं, ‘माणसं खा’. कन्फ्यूशियसच्या नावानं चाललेल्या घरंदाजपणावर इतकं झोंबरं कुणी लिहिलं असेल असं मला वाटत नाही.

लू शुन ज्या पंतोजींच्या शाळेत शिकला ती शाओशिंगमध्ये अजून जपून ठेवली आहे. कोपऱ्यात त्याचं मेज आहे, त्यावर एक अक्षर कोरलंय, ‘त्साओ’, म्हणजे लवकर. तिथं सांगतात की एकदा शाळेत उशीर झाल्यावर पंतोजी रागावले, म्हणून त्यानं ते स्वतःसाठी कोरलं. उशीर झाला होता म्हणे वडिलांच्या दुखण्यापायी. चार वर्षांहून जास्त काळ हा मुलगा जवळजवळ रोज गहाणवटीचं दुकान आणि औषधाचं दुकान यांच्यात खेपा घालत होता, हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. मी पाहुण्यांना ते मेज दाखवायला नेत असे, आणि दरवेळी या ठिकाणी दुभाषीपण जरा अडखळायचं.

राहिला आज्ञाधारकपणा. तो पुढं दरबारांना फार सोयीचा पडला. मूळ पुस्तकात गुरुजी म्हणतात, आईबाप चुकत असतील तर हळूच सांगावं. आणि त्याच परंपरेतला श्युनत्सु तर स्वच्छ लिहितो : न्यायाच्या मागं जा, बापाच्या मागं नको. बाहेरून आणायचंच असेल तर हे वाक्य आणू या की. फार जागा व्यापत नाही.

प्रश्न : मी नांदेडला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आठ महिने चिनी तत्त्वज्ञानावरचे व्हिडिओ बघतोय, दोन वह्या भरल्या. अजून काही बदल जाणवत नाही. आता कोणतं पुस्तक घेऊ? – एक विद्यार्थी

उत्तर : तिसरी वही घेऊ नका.

वांग यांगमिंग (1472–1529) हा चिनी विचारवंत तरुण असताना त्यानं वाचलं की प्रत्येक वस्तूत तत्त्व असतं आणि ते शोधल्यानं शहाणपण येतं. त्यानं आधी मित्राला अंगणातल्या बांबूसमोर बसवलं, तत्त्व शोधायला. मित्र तिसऱ्या दिवशी आजारी पडला. वांगनं मित्राला कच्चा ठरवून स्वतः बैठक मारली आणि सातव्या दिवशी आडवा झाला. बऱ्याच वर्षांनी, दूर क्वेइचौच्या डोंगरात हद्दपारीत असताना, त्याला उलगडलं की आपण शोधत होतो ते बांबूत नव्हतंच. जाणणं आणि करणं या दोन गोष्टी नाहीत, हे त्याचं पुढचं सगळं सांगणं. तुम्ही आठ महिने बांबूपुढं बसलाय, तेही स्क्रीनवरच्या.

लुन-यूमधला एकच तुकडा घ्या, मिरजेच्या ताईंसाठी वर दिलाय तोच घ्या, आणि पंधरा दिवस घरात वापरून मला लिहा. कुणाशी वापरलात आणि कुठं फसलात तेवढंच लिहा.

वांगचं थडगं शाओशिंगजवळ लानतिंगला आहे. मी एकदा रविवारी गेले होते. त्या भागात बांबू भरपूर. म्हटलं आलोच आहोत तर बघू, म्हणून एका बांबूसमोर उभी राहिले. पाच मिनिटांत डासांनी पोटऱ्या फोडून काढल्या, आणि खाली बसचा हॉर्न वाजला.